दोन सूत
ज्यात ते दोघं राहत, त्या मोटारहोमचं दार तीनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही. चालत्या गाडीत ते उघडलं आणि बायको खाली पडली तर, या धास्तीनं म्हाताऱ्यानं शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं खिट्टीसमोरची पट्टी दोन सूत सरकवली, बिजागऱ्यांना तेल पाजलं. “काका, आता नुसतं बोट लावा. आतल्यालासुद्धा पत्ता लागणार नाही.” तो गेल्यावर म्हातारा निश्चिंत मनानं अंघोळीला गेला. नळ बंद करून त्यानं सवयीनं कानोसा घेतला. सगळं शांत. बायकोचा डोळा लागला असेल. त्याला हायसं वाटलं. मग मेकॅनिकचं वाक्य आठवलं. रस्ते, माणसं, त्याचं नावसुद्धा ती विसरली होती. पण बाहेर पडताना दार ओढून घ्यायचं विसरत नव्हती. तिसऱ्या दणक्याला तो तिला पायरीवरच गाठायचा. तो ओलेत्यानंच धावत आला. दार व्यवस्थित लागलेलं होतं. दारापाशी फक्त त्याच्या चपला होत्या.