कोल्ह्यासाठी बंदूक

रणजीतने पिशवीतून कोल्ह्याचं कातडं काढून काउंटरवर पसरलं, तसा बंदुकवाला प्राणेश आधी दचकला, मग हसला. कातड्याचं तोंड शाबूत होतं. कान, दात, काचेचे डोळे. प्राणेशने त्याला हात लावून तो आपल्या डोळ्यांना लावला.

"बोहणीलाच नरीचं, म्हणजे कोल्ह्याचं, मुख दिसलं, अक्का! आम्हा कानडी लोकांत फार शुभ." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण हे आत ठेवा स्वल्प. शिकार बंद झाली त्याला किती वर्षं झाली. जंगलखात्याचा कुणी आला तर तो काय शुभ म्हणणार नाही."

"त्याला म्हणावं, मारणारा केव्हाच गेला," रणजीतची आई सकवारबाई म्हणाल्या. "घाल राखेला बेड्या."

त्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या. बंदुकीचा परवाना त्यांच्या नवऱ्याचा, भगवंतरावांचा, ते गेल्यावर बाईंच्या नावावर चढलेला. त्यांच्या सहीशिवाय रणजीतला इथून एक गोळी मिळणार नव्हती. आणि सही त्या हट्टाने शिकल्या होत्या. अंगठा उठवणाऱ्यांत आपल्याला धरलेलं त्यांना खपत नसे.

आज त्यांना बरं वाटत होतं. आनेकलच्या मळ्याचा खटला चालू झाल्यापासून रणजीतच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. अन्न गोड लागेना की झोप. आणि परवा अचानक त्याने कोल्ह्यांची गोष्ट काढली. मळ्यात कोल्हे फार झालेत म्हणाला, गुपचूप कातडी घेणारा व्यापारीही भेटलाय. चोरटा धंदा, पण पोराचं मन तरी लागेल, बापाचा छंद उतरतोय, असं म्हणत बाईंनीच ट्रंकेतून हे कातडं काढून दिलं होतं, नमुना म्हणून.

प्राणेशने दोन रायफली पुढे ठेवल्या. "ही बावीसची. ही तीनशे पंधराची."

रणजीतचा हात सरळ मोठीवर गेला.

बाई हसल्या. "कोल्हं मारायचंय का रेडा?" त्यांनी कातडं उलटं केलं. "भोक शोध बघू."

त्याने शोधलं नाही. बाईंनीच कानामागे बोट नेलं. करंगळीचं टोकही आत जाईना.

"बावीसची गोळी. कातडं विकायचं तर भोक लहान लागतं. ही तुझी मोठी पलीकडून मूठभर मांस घेऊन बाहेर पडेल. व्यापाऱ्याला चिंध्या देणार?"

"लांबून मारायचंय, आई."

"मग जवळ जायला शिक. तुझे वडील वारा बघून पोटावर सरकत जायचे."

"लागलं की उठता कामा नये. बावीसचं काय, लागूनही पळतं."

"बसणार कुठे तू?"

"चिंचेमागे. तिथून पंपाची खोली सरळ दिसते."

"पंपाच्या खोलीशी कोल्हं काय करतं रे? मोटर चालू करतं?"

रायफलीच्या दस्त्यावरून रणजीतचा अंगठा फिरत राहिला.

मोटर चालू करायला रोज सकाळी रणवीर येतो. बाईंच्या धाकट्या दिराचा मुलगा. खटला त्याच्याशीच होता. त्याची आई गेली तेव्हा रणवीर रांगत होता. बाईंनी रणजीतला आणि त्याला एका पाटावर बसवून न्हाऊ घातलं होतं, एकाचा साबण डोळ्यात गेला की दोघंही रडायचे.

बाईंनी कातडं पुन्हा सुलटं केलं.

"त्या कोल्ह्याचं नाव काय?"

प्राणेश फडकं घेऊन स्वच्छ काच पुसायला लागला.

"तुला ठाऊक आहे," रणजीत म्हणाला. "सही कर."

"नाही करत."

"सरी, ठीक आहे." त्याने रायफल अलगद खाली ठेवली. "कोयत्याला परवाना लागत नाही."

तो ओरडला असता तर बाईंनी त्याला चार शब्द सुनावले असते. भर दुकानात कानाखाली वाजवलीही असती. पण तो वाण्याकडे गूळ मागावा तसा बोलला होता.

बाई उठल्या. परवाना घडी करून कमरेला खोचला. मग कातडं उचलून पदरावरून खांद्यावर घेतलं, शालीसारखं. कोल्ह्याचं तोंड त्यांच्या छातीवर आलं.

"आनेकलला चालले मी. आजपासून पंपाच्या दारात बसते. तिथंच जेवीन, तिथंच निजेन. कोयता आण नाहीतर आणखी काही आण. कानामागची जागा तुला दाखवलीच आहे."

"आई, ते काढ. लोक बघतायत."

"बघू देत की. शुभ असतं म्हणे."

बाहेर ऊन चढलं होतं. ऑटोवाल्याने त्यांच्यासाठी गाडी थांबवली, छातीवरचं तोंड बघितलं आणि घाईघाईने हात डोळ्यांना लावला.

"नरीमुख! आज माझा दिवस चांगला जाणार, अक्का. कुठे सोडू?"

"आनेकलची बस मिळेल तिथं."

ऑटो हलली. बाईंनी वळून मागच्या लहानशा काचेतून पाहिलं. रणजीत दुकानाच्या पायरीवर उभा होता. एक डोळा मिटून तो ऑटोकडे बघत होता.

उन्हामुळे असेल.