दाराजवळची खुर्ची

तिने चहा स्टीलच्याच पेल्यांत ओतला. या घरात काचेचं भांडं नव्हतंच. सुरी, कात्री, दाढीचा आरसा, सगळं कपाटात कुलूपबंद. किल्ली बाबांच्या खिशात होती. आईनंतर ती आणखी कुणाकडे असणार, असं तिला वाटलं.

बाबा नेहमीसारखे दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. तिने पेला लांबूनच पुढे केला. हातभर अंतर राखायची तिची लहानपणापासूनची सवय.

"स्टीलचं एक बरं," पेला फिरवत बाबा म्हणाले. "पडलं तर पोचा येतो, पण संसारातून उठत नाही."

तिला हसू आलं, पण ते तिने चहाबरोबर गिळलं.

आईला जाऊन अजून महिना झाला नव्हता. आतल्या खोलीतल्या खाटेवरची चादरही कुणी बदलली नव्हती. दारात उभं राहिलं की आईच्या तेलाचा वास यायचा आणि ती तिथेच थबकायची.

लहानपणी त्या खोलीत आदळआपट सुरू झाली की शेजारच्या मावशी तिला उचलून आपल्याकडे न्यायच्या. सगळं निवलं की बाबा घ्यायला येत. शर्ट फाटलेला, कधी दंडाला फडकं गुंडाळलेलं. मान खाली घालून म्हणत, "आज परत माझं डोकं फिरलं गं." घरी आई थकून गाढ झोपलेली असे. आईने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

मावशींची मुलगी वडिलांच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळायची. ही खिडकीतून बघत राहायची.

पुढे वसतिगृह, नोकरी, लग्न. फोनवर आई एवढंच सांगायची, "सिस्टर इंजेक्शन देऊन गेल्या. आता महिनाभर घर शांत."

मनोरुग्णांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत जागा रिकामी आहे, हे तिने काल बाबांना सांगितलं होतं. ते वाद घालतील म्हणून तिने चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी मुकाट्याने पिशवी भरली. त्या भरलेल्या पिशवीकडे बघून तिचंच मन अडलं. माणूस आपलाच ना! तिची मुलगी एकदाही आजोबांच्या मांडीवर बसली नव्हती.

शेवटी तिने ठरवलं, आज सिस्टर येतील तेव्हा त्यांनाच विचारायचं. इंजेक्शन चुकलं नाही तर यांना माझ्या घरी नेता येईल का? घरात लेकरू आहे. सिस्टर हो म्हणाल्या तर पिशवी तिच्या घरी जाणार होती, नाही म्हणाल्या तर संस्थेत.

पेले विसळताना तिच्या हातून झाकण निसटलं आणि फरशीवर खणखणत गेलं. बाबा ताडकन उठले. आतल्या खोलीकडे तोंड करून, तळवे पुढे धरून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "काही नाही, काही नाही. झाकण पडलं फक्त."

खोलीत कुणीच नव्हतं. लेकराचा विचार करायलाच हवा, असं तिने मनाशी म्हटलं.

बेल वाजली.

"मी बघतो. तू आतच थांब."

"नको बाबा. मला बोलायचंय त्यांच्याशी."

सिस्टर घाईतच आल्या. वर्षानुवर्षं त्याच येत असल्या, तरी तिने त्यांना आज पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी टेबलावर आपली पिशवी उघडली, कापूस काढला, सुई जोडली.

"मी मुलगी. आधी इंजेक्शन होऊ दे," ती म्हणाली, "मग मला एक विचारायचंय."

बाबा पुन्हा खुर्चीत बसले होते. त्यांनी शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारली. दंडावर जुन्या व्रणांची नक्षी होती. ते सिस्टरकडे बघत होते, हात न जोडताही जोडल्यासारखे.

"द्या, सिस्टर," ते म्हणाले. "आणि हिला सांगून टाका, माझ्यासाठी संस्थाच बरी."

सिस्टरचा हात तसाच थांबला. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडे.

"तुम्ही कशाला बाही वर करताय, काका?" त्या म्हणाल्या. "इंजेक्शन काकूंचं. त्यांना हाक मारा ना."