ओढणीची गाठ

"अगं, दार सताड उघडं टाकून झोपलीस काय?" शेजारच्या नलूमावशींच्या हाकेने मी दचकून उठले. भर दुपार होती आणि पलंगावर माझ्या बाजूला शाल्मली नव्हती.

माझी ही सात वर्षांची लेक स्वमग्न आहे. रात्र रात्र जागते. काल पहाटेपर्यंत घरभर येरझाऱ्या घालत होती आणि आज शाळेत स्वतःच्याच हाताला चावून रडत घरी आली. अशा दुपारी मी ओढणीचं एक टोक तिच्या मनगटाला बांधते, दुसरं माझ्या, म्हणजे ती उठली की मला हिसका बसतो. आज बसला नव्हता. आणि दाराची कडी झोपेच्या गुंगीत मीच लावायची विसरले होते.

"मावशी, तळ्याकडे पळा!" मी किंचाळले. तळं गल्लीच्या टोकालाच आहे, आणि पाणी दिसलं की शाल्मली कुणाच्या हाकेला थांबत नाही. मावशी धावल्या. त्यांच्यामागे मीही झेपावले, तोच मनगटाला असा हिसका बसला की मी फरशीवर आपटले.

ओढणीचं दुसरं टोक पलंगाच्या पायाला बांधलेलं होतं. गाठ वेडीवाकडी, पण घट्ट. शाळेतल्या बाई वर्षभर शिकवून थकल्या, तरी तिला न जमलेली.

पलंगाखाली शाल्मली गाढ झोपली होती, गाठीवर मूठ आवळून. माझ्या आपटण्याने ती जराशी चाळवली, पण डोळे मिटलेलेच राहिले. मी हलले नाही.

"तळ्यावर कुणीच नाही गं!" बाहेरून मावशींचा रडवेला आवाज आला. ओ द्यायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

ती जागी झाली असती.