निरोगी रक्ताची पट्टी

नववी पट्टीही रंगली, तेव्हा सेनोबियाने चिमटा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

तपासणी चागासची होती. मातीच्या भिंतींतले विंचुका किडे चावून देतात आणि पुढे हृदय पोखरतो, तो चागास. नायट्रोसेल्युलोजच्या पांढऱ्या, ठिसूळ पडद्याच्या अरुंद पट्ट्या कापायच्या आणि एकेका पट्टीला एकेका माणसाचं रक्त पाजायचं. आजार असला तर तपकिरी रेघा उमटतात. हा पडदा महा हट्टी; एकदा धरलं की कितीही धुवा, सोडत नाही. आठ पट्ट्या बाहेर बाकावर बसलेल्या आठ जणांच्या. नववी मुद्दाम निरोगी माणसाच्या रक्ताची. ती कोरी राहिली नाही, तर सगळी तपासणी बाद.

इतकी वर्षं त्या पट्टीला म्हाताऱ्या डॉक्टरांचं रक्त चालायचं. ते निवृत्त होऊन स्पेनला मुलाकडे गेले आणि त्यांच्या रक्ताची शेवटची नळी गेल्या आठवड्यात संपली. म्हणून आज सेनोबियाने स्वतःचं लावलं होतं. एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांच्या रेघा वाचत होती. आपलीही पट्टी लावून बघावी, असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. की तिने येऊ दिलं नव्हतं, देव जाणे.

"हात लागला असेल, ताई," तिच्या हाताखालचा विल्मर डोकावून म्हणाला. "घामाचं बोट लागलं तरी हा लेकाचा डाग धरतो. फेका ती."

"बोटाने डाग पडतो रे, रेघा नाही. आणि तिसरी, सहावी बघ. कोऱ्या आहेत. तपासणी चोख झालीय."

विल्मरने त्या दोन्ही पट्ट्या निरखून पाहिल्या. मग म्हणाला, "त्या बिघडक्या फ्रीजवर ढकलू, रक्त नासलं म्हणू. नाहीतरी सगळं त्याच्याच माथी मारतो आपण."

ती हसली नाही.

"लिडियाला सातवा महिना आहे," ती म्हणाली. लिडिया तिची थोरली लेक. आईकडून हा आजार पोटातल्या लेकराला जाऊ शकतो, हे तिनेच याच टेबलाशी शेकडो बायांना समजावलं होतं. वर 'घाबरू नका' म्हणायची. त्या दोन शब्दांची तिला आता किळस आली.

"ते आठ जण खोळंबलेत," शेवटी ती म्हणाली. "पडदा तळहाताएवढा उरलाय. निरोगी रक्त हवं."

"माझं घ्या की!" विल्मर धपकन खुर्चीत बसला, बाही वर सरकवली. तिने दंडाला रबरी नळी बांधली, सुई उघडली.

"तू कुठला रे?"

"मिझ्केचा."

"घर?"

"मातीचंच, ताई. आजीचं."

"विंचुका होते?"

"कुणाकडे नव्हते?" तो हसायला गेला.

सुई हातात धरून ती थांबली. विल्मर बराच वेळ त्या सुईकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या हाताने दंडाची नळी सोडली आणि बाही मनगटापर्यंत खाली ओढली.