श्वासाची पैज

कसुनच्या सॅकला बांधलेला पिवळा रुमाल गर्दीत दोनदा दिसला. तिसऱ्यांदा दिसला नाही. दिनुषी गुलमंडीच्या रस्त्यात थबकली. मागून हॉर्न, पुढून हॉर्न. लसणाचा एक हातगाडा तिला वळसा घालून गेला, जणू ती तिथला खांबच होती.

दोघं बहीणभाऊ सकाळीच या शहरात उतरले होते, थेट श्रीलंकेतून. उद्या अजिंठा बघायचा होता. इथलं सिमकार्ड एकच, ते कसुनच्या फोनमध्ये. लॉजचं कार्डही त्याच्याच खिशात. आणि शेवटचं बोलणं भांडणाचं. "मला हे शहर नको. मला घरी जायचंय," ती म्हणाली होती. तो चिडून पुढं निघाला. तिनं मुद्दाम पाय ओढले.

सकाळी लॉजजवळच्या पाटीवर वाचलेलं एक नाव तिला आठवत होतं, उस्मानपुरा. तिनं रिक्षावाल्याला लॉजची खूण सांगितली : पिवळी बिल्डिंग, खाली मेडिकल.

"मॅडम, ऐसा तो आधा शहर है," तो म्हणाला. पण त्यानं तिला उस्मानपुऱ्यापर्यंत नीट सोडलं.

तिथं प्रत्येक बिल्डिंग तिला पिवळी वाटली. दोन फेऱ्या झाल्या. दिवेलागण झाली. पाठीवरचं ओझं दगडासारखं जड झालं आणि डोळे भरून आले. तेवढ्यात एका गल्लीतून लाउडस्पीकरवर शब्द आले. बुद्धं सरणं गच्छामि. सकाळपासून तिला कळलेलं ते पहिलं वाक्य.

पिठाच्या गिरणीशेजारी लहानसं विहार होतं. पांढऱ्या साड्यांतल्या बायका सतरंजीवर बसलेल्या. माइकसमोरच्या म्हाताऱ्या आवडाबाईंनी दारातली पोर बघितली, तिचे डोळे बघितले आणि मध्येच थांबून विचारलं,

"कोणाला हुडकायलीस माय?"

कॉलेजात जाणाऱ्या अपेक्षानं इंग्रजीत विचारून घेतलं. "आजी, हिचा भाऊ चुकलाय. श्रीलंकेची आहे."

"चुकला म्हंजी हितंच आसल कुठं तरी. ओझं उतरव म्हणावं आधी. एवढी वंदना होऊ दे, मग समद्या मिळून हुडकू."

दिनुषीनं सॅक उतरवली. हात जोडले. डोळे मिटून तीही म्हणू लागली. शब्द तेच, चाल निराळी. एकच ओवी दोन गावांत म्हणावी तशी.

वंदना संपली. शेवटी तीनदा "साधु" म्हणायचं असतं. बायकांनी पहिला "साधु" म्हटला, आखूड, जमिनीवर पाय टेकवल्यासारखा. दिनुषीचा मात्र लांबतच गेला. तिच्या गावच्या विहारात श्वास पुरेल तोवर साधु ओढायचा असतो. लहानपणी ती आणि कसुन पैज लावायचे, कुणाचा श्वास आधी तुटतो. दर वेळी तिचाच तुटायचा.

बायका वळून बघू लागल्या. कुणी तरी पदरात हसलं. दिनुषी अर्ध्यातच गप्प झाली.

आवडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माइक सरकवून तिच्या तोंडापुढं धरला.

"थांबलीस का? वढ की. भाऊ हाय न्हवं, वळखंल."

अपेक्षाला इंग्रजीत सांगावं लागलं नाही. दुसरा साधु लाउडस्पीकरमधून निघाला. गल्लीवरून, गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून लांब गेला. बायकांनी आपला आखूड साधु आवरता घेतला. गिरणीवाल्यानंही पट्टा बंद केला.

तिसऱ्याला दिनुषीनं छाती भरून श्वास घेतला. निम्म्यात दाराच्या बाजूनं आवाज जाड झाला. एका धाग्यात दुसरा धागा पिळावा तसा. तिनं डोळे उघडले नाहीत. भीती वाटली, उघडले तर धागा तुटेल.

मग तिचा श्वास संपला. साधु संपला नाही.