पायरीवरच्या चपला

दर शनिवारी एस्तेरचा पाळक नवरा सायली गावाला मजुरांची प्रार्थनासभा घ्यायला जाई. परवा तिथलाच मजूर भेटला. “पाळकसाहेब बीमार हायेत का? दोन महिने आलेच नाहीत.” एस्तेरच्या मनात पाल चुकचुकली. बाईचंच लफडं! आज तिनं पाठलाग केला. तो पोर्तुगीजांच्या वेळच्या कॅथलिक चर्चमध्ये शिरला. पायरीवर त्याच्या चपला होत्या, तिनंच अंगठा शिवलेल्या. आत तो जाळीपलीकडच्या फादरपुढे गुडघे टेकून पापं कबूल करत होता. “देवाशी बोलायला मध्यस्थ कशाला?” असं जन्मभर प्रोटेस्टंट मंडळीला बजावणारा! चपला उचलून ती दारातच उभी राहिली. तो डोळे पुसत बाहेर आला. “मी कॅथलिक होतोय. पाळकपद जाईल, बंगला जाईल.” “जाऊ द्या. आत काय सांगितलंत?” “ते देवाला ठाऊक.” “आणि त्या फादरला,” चपला आपटत ती म्हणाली, “राहिले ती मीच!”