फ्रिजच्या दाराचा सेन्सर

आठच्या ठोक्याला मोबाइल बोंबलला. "बाबांनी अजून फ्रिज उघडलेला नाही!" शास्त्रज्ञाने तोंडातल्या टूथपेस्टच्या फेसासकट बाबांना फोन लावला.

"मी ठणठणीत आहे रे," पहिल्याच रिंगला बाबा म्हणाले. "तू कसा आहेस?"

"मी बरा. यंत्र बिघडलंय. ठेवतो."

शास्त्रज्ञ ही पदवी बायकोने टोमणा म्हणून दिली होती. तो ती मिरवत होता, हा त्याचा स्वभाव. त्याने घरी बनवलेला स्वयंचलित पंखा माणूस खोलीबाहेर गेला की सुरू व्हायचा. पण हे यंत्र मात्र कामाचं होतं. दुसऱ्या शहरात एकटे राहणारे बाबा मागे एकदा न्हाणीघरात पडले होते, तेव्हा दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्याला स्वतःचीच लाज वाटली. म्हणून त्याने त्यांच्या फ्रिजच्या दाराला सेन्सर बसवला. दुधासाठी दार उघडलं, की सगळं ठीक. आठपर्यंत उघडलं नाही, तर मोबाइल बोंबलणार. बाबांना त्याने हे तीन-तीनदा समजावलं होतं. पंधरा दिवसांतून एकदा चौकशीचा फोन व्हायचा, त्याचीही आता गरज उरली नव्हती.

यंत्र मात्र रोज बोंबलू लागलं. त्याने प्रोग्राम पुन्हा लिहिला. एका रविवारी सहा तास प्रवास करून सेन्सर बदलला आणि त्या गडबडीत बाबांशी धड न बोलताच परतला. मग वैतागून वेळ नऊची केली. दार नऊ वाजून पाच मिनिटांनी उघडलं. दहाची केली, तर दहा वाजून पाच मिनिटांनी. म्हातारा माणूस तोवर उपाशी कसा राहील? म्हणजे सेन्सरच खोटं बोलतोय, असा शास्त्रीय निष्कर्ष त्याने काढला.

महिन्याभराचा आलेख त्याने बायकोपुढे धरला.

"आधी तुझा फोन, मग दार," ती म्हणाली. "रोज."

"म्हणजे सेन्सर फोनच्या लहरींवर चालतोय!" तो उडालाच.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "उद्या सातला फोन कर. यंत्राची वाट बघू नकोस. मग कळेल काय बिघडलंय ते."

दुसऱ्या दिवशी सातला त्याने लॅपटॉप उघडला, वही-पेन्सिल घेतली आणि फोन लावला.

"बाबा, जरा फ्रिजपासून लांब उभे राहा. प्रयोग चाललाय."

पलीकडून बाबा हळूच म्हणाले, "आज सातलाच केलास? बरं झालं, भूक लागली होती. एरवी मी फ्रिज उघडला, की तुझा फोनच येत नाही."